पांगाऱ्यावरची काळी

वेलींना तोंड होतं, तेव्हाची ही गोष्ट. ठकूबाईच्या मळ्यात बांधावरच्या पांगाऱ्यावर काळी नावाची जुनी द्राक्षवेल चढलेली होती. मणी बारीक, साल जाड, आत बियाच बिया. तसली वेल आता पंचक्रोशीत दुसरी उरली नव्हती. मांडवावरची बिनबियांची वेल तिला टोमणे मारायची, "अगं म्हातारे, तुझं द्राक्ष खायचं का थुंकायचं?"

ठकूबाईनं काळीचे घड फुगवायच्या औषधात बुडवून पाहिले. मणी फुगले आणि फुटले. ती चिडून म्हणाली, "अजून एक हंगाम बघते. नाहीतर मुळासकट उपटते."

पुढच्या हंगामात पडवीतला रांजण बोलला, "बाई, हिला खायला कशाला बघता? बुडवू नका. सालीबियांसकट चेचा आणि माझ्या पोटात घाला."

ठकूबाईनं एका रांजणात काळीची वाईन घातली, दुसऱ्यात मांडवावरच्या वेलीची. मुरल्यावर दोन्ही चाखल्या. मांडवावरलीची निघाली पांचट. काळीची लालभडक, जिभेला धरून बसणारी. तो रांजण गावानं बघता बघता रिकामा केला.

छाटणीला ठकूबाई करवत घेऊन आली. काळी गारठली. मांडवावरली हसली, "जा आता!"

बाईनं काळीच्या चार काड्या तेवढ्या कापल्या. मग मांडवावरलीचा बुंधा आडवा कापला, चिरला आणि त्यात काळीची काडी खोचून घट्ट कलम बांधलं.

"अगं बाई, ही माझ्या डोक्यावर?" बुंधा ओरडला.

"बोंबलू नको," काडी म्हणाली. "मुळं चांगली आहेत तुझी. पाणी ओढ."