चांगूआजी खांडीत बसली तो दिवस

फार फार वर्षांपूर्वी, शेवरखारच्या खाडीवर पूल नव्हता आणि गावात यायचं तर होडीनंच यावं लागायचं, त्या काळातली ही गोष्ट. गावाच्या एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला खारं पाणी, आणि मधे मातीचा एक बांध. बांध होता म्हणून गाव होतं.

त्या बांधाचा राखणदार होता जोमा. चांगू त्याची बायको. ती डोंगराकडची. लग्न होऊन आली तेव्हा भरतीचं पाणी तिनं पहिल्यांदा पाहिलं आणि घाबरून भर वऱ्हाडात नवऱ्याचा हात धरला. लोक हसले, पण जोमानं हात सोडवून घेतला नाही, असं म्हणतात. पुढे तीच चांगू त्याच्या बरोबरीनं बांधावर चिखल वाहू लागली. तिला मुलं झाली, पण जगला एकटा धाकू. गेलेल्या मुलांबद्दल ती कधी बोलली नाही. मात्र गावात कुणाकडे मूल जन्मलं की चांगू त्या घरी हजर. पायांवर आडवं घेऊन बाळाला न्हाऊ घालायची ती तिनंच. तिच्या हातचं पाणी अंगावर पडलं की रडणारं बाळ गप्प व्हायचं, असं म्हणतात. अशी वर्षं गेली आणि चांगू साऱ्या गावाची आजी झाली.

मग वाईट दिवस आले. दर पावसाळ्यात बांधाला खांड पडू लागली. खांड म्हणजे बांध फुटून पडलेलं भगदाड. रात्रंदिवस खपून लोक ती बुजवायचे आणि पुढच्या उधाणाला ती पुन्हा उघडायची. खारं पाणी शेतात शिरलं, भात जळून गेलं, माणसं कंदमुळं खाऊ लागली. गावचा हाशा पाटील, त्याची लेक त्या पाण्यात वाहून गेली. तेव्हापासून पाटील बांधाकडे बघायचा तो डोळ्यांची पापणी न लववता.

श्रावणात पुन्हा खांड पडली. पाटलानं लांबच्या गावचा भगत आणला. भगतानं बांधावर तांदूळ टाकले आणि म्हणाला, बांध माणूस मागतोय. पोटुशी बाई द्या, मग पाणी कधी आत यायचं नाही.

त्या वेळी गावात पोटुशी एकच होती. येसू, धाकूची बायको, चांगूआजीची सून. धाकू तर मिठाची होडी घेऊन दूर बंदरावर गेलेला.

पंच बसले. कुणी कुणाकडे बघेना. शेवटी ठरलं की नारळी पौर्णिमेला, दुपारची भरती चढण्याआधी, येसूला खांडीत बसवायचं आणि वरून माती लोटायची. जोमा तिथंच बसला होता.

घरी आल्यावर चांगूआजीनं त्याला विचारलं, तुम्ही गप्प का बसलात? जोमा म्हणाला, "उभा जन्म मी त्या बांधाला माती घातली. त्याला माती पुरत नाय, तर मी काय सांगू?" आजीनं त्याच्यापुढे भाकरी ठेवली आणि जाऊन येसूच्या दाराशी पाठ टेकून बसली.

पौर्णिमेच्या सकाळी पाटील माणसं घेऊन आला, तेव्हा दाराला बाहेरून कडी होती आणि आजी घरात नव्हती. बांधावरून हाका आल्या तसे सगळे तिकडे धावले. ती खांडीत होती. ओहोटीच्या चिखलात, समुद्राकडे तोंड करून, मांडी घालून बसलेली.

पाटलानं तिला उठायला सांगितलं. भगत म्हणाला, ही म्हातारी चालायची नाही, पोटुशीच हवी. आजी जागची हलली नाही.

"बांधाला माणूस पायजे ना? मी बसलेय," ती म्हणाली. "टाका माती. पण ज्याला मी न्हाऊ घातलं नाय, त्यानं पयली टाका."

मातीच्या पाट्या भरून उभी राहिलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यांच्यात तसा एकही नव्हता. खुद्द हाशा पाटलाला तिनं न्हाऊ घातलं होतं, आणि त्याच्या गेलेल्या लेकीलाही.

इतक्यात पाणी फिरलं. आधी आजीच्या गुडघ्यांना लागलं, मग कमरेला. लोक तिला ऊठ म्हणून विनवू लागले. ती म्हणाली, येसूला हात लावणार नाही असं पाटलानं म्हणावं. पाटील नुसता बांधाकडे बघत राहिला. पाणी छातीला आलं.

तेव्हा गर्दीतून म्हातारा जोमा पुढे आला. त्यानं एकाच्या डोक्यावरची पाटी ओढून घेतली, आजीला वळसा घालून तो तिच्यापुढे पाण्यात उतरला आणि तिथं माती टाकली.

"माझी बायको मागं हाय," तो म्हणाला. "माती हिच्यापुढं घाला."

मग कुणी कुणाची वाट पाहिली नाही. बाया पेंढ्याचे भारे घेऊन धावल्या. कुणी होडीच्या फळ्या आणल्या, कुणी गोठ्याचे वासे उपटले. कुणीतरी कडी काढली तशी येसूसुद्धा बाहेर आली आणि मातीचे गोळे करून देऊ लागली. हाशा पाटील घरी पळाला, त्यानं आपल्या घराचं दार चौकटीतून काढलं, पाठीवर घेऊन आला आणि ते छातीनं रेटून लाटेसमोर धरलं. तेवढ्यात मोठी लाट आली. दारावरून, माणसांवरून गेली, आणि आजी दिसेनाशी झाली.

जोमा पाण्यात चाचपडत राहिला. म्हणतात की त्या वेळी भरती थांबली. खाडी बांधापलीकडे भिंतीसारखी उभी राहिली, तिच्यात पोहणारे मासे लोकांना दिसत होते, पण थेंब पुढे येत नव्हता. जोमाच्या हाताला आजीचा अंबाडा लागला. त्यानं तिला वर काढलं. ती खोकली, आणि तिनं पहिल्यांदा येसू कुठं आहे ते विचारलं. संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हा खांड बुजलेली होती. भगत कधी निघून गेला ते कुणाला कळलं नाही.

येसूला मुलगी झाली. तिला आजीनं न्हाऊ घातलं, आणि त्या मुलीच्या मुलांनाही. जोमा गेला तेव्हा ती त्याच्या उशाशी होती. ती स्वतः गेली त्या दिवशी अमावास्या असून खाडीला उधाण आलं नाही, असं म्हणतात.

आजही नारळी पौर्णिमेला शेवरखारची माणसं आधी समुद्राला नारळ वाहत नाहीत. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई बांधावर येऊन बसते आणि घरोघरची माणसं तिच्यापुढे, पाण्याच्या बाजूला, माती घालतात. बाळंतिणी आपली बाळं तिच्या पायांवर ठेवतात. बांधावर रक्त सांडत नाहीत, कोंबडंसुद्धा कापत नाहीत. एका वर्षी ती म्हातारी इतकी थकलेली होती की तिला खुर्चीतून आणावं लागलं. माती पातळ आहे म्हणून तिनं तरण्या पोरांना तिथंच झापलं, आणि दुपार कलली तरी ती उठली नाही. ती उठेपर्यंत पोरं माती वाहत होती.