डोलीचं सूत

"या मठात नाना तरी राहतील, नाहीतर मी. कोणी राहायचं ते सांगा, बुवा!"

भुजंग अवचितबुवांसमोर कडाडला.

अंगणात मोटारसायकल उभी होती आणि तिच्या डाव्या अंगाला जोडलेल्या साइडकारमध्ये बुवा अजून बसूनच होते. गावोगावचे लोक त्या साइडकारला बुवांची डोली म्हणत. म्हातारपणी बुवांना घाट चढवेना, म्हणून भुजंगानं ती स्वतःच्या हातानं बनवली होती. चालवायचाही तोच.

मठात येण्याआधी भुजंग फिटर होता. हात सोन्याचा, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. डोलीचं चाक गाडीच्या चाकांशी सुतात कसं बसवायचं, हे पंचक्रोशीत आपल्यालाच कळतं असं तो म्हणायचा. आणि खरं सांगायचं तर, खोटं नव्हतं ते. बुवांना आत बसवून त्यानं सूत धरलं होतं, ओळंबा सोडला होता. बुवा बसले की गाडी ताठ उभी राहायची आणि हँडलवरचा हात सैल सोडला तरी सरळ जायची.

आज मात्र आक्रीत घडलं. घाटातल्या डाव्या वळणावर डोलीचं चाक रस्ता सोडून वर उचललं, बुवांसकट. उजवीकडे दरी होती. भुजंगानं कशीबशी गाडी सावरली आणि मठात आणली.

"कुणीतरी नट ढिले केलेत," तो म्हणाला. "गाडीच्या पडवीची किल्ली नानांकडे असते. दुसरा कोण हात लावणार? तुम्ही दरीत गेला असता बुवा, तर मीही मागोमाग उडी टाकली असती!"

नाना म्हणजे मठाचे स्वयंपाकी. ते दारात उभे होते. ओठ घट्ट मिटलेले.

"बोला की, नाना! तोंडात मिठाची गुळणी धरलीत काय?"

नानांनी बुवांकडे पाहिलं. बुवांनी हलकेच नकारार्थी मान हलवली.

नानांनी मान खाली घातली.

"बघा, बुवा! चोराच्या मनात चांदणं!"

"नट पाहिलेस?" बुवांनी विचारलं.

"त्यात पाहायचं काय?"

"पाहा तर खरं."

भुजंग धुसफुसत खाली वाकला. सूत लावून झालं की प्रत्येक नटावर तांबड्या रंगाचा पट्टा ओढायची त्याची रीत होती. नट केसभर फिरला तरी पट्टा तुटायचा.

एकही पट्टा तुटला नव्हता.

तो चपापला. पण हार मानेल तर भुजंग कसला? "मग फ्रेम वाकली असेल. बसा तसेच, ओळंबा सोडतो."

त्यानं सूत धरलं, ओळंबा सोडला. गाडी उजवीकडे कलली होती. चांगली बोटभर. फ्रेम मात्र सरळच होती. टायरात हवाही होती.

"काय म्हणतंय तुझं सूत?"

"काही कळेना, बुवा. डोलीत वजनच कमी असल्यासारखं..."

त्यानं बुवांकडे पाहिलं.

"उतरव मला," बुवा म्हणाले.

भुजंगानं त्यांच्या काखेत हात घातले. एरवी त्याला पाय रोवावे लागायचे. आज दोरीवरचं वाळलेलं धोतर काढावं तसे बुवा अलगद वर आले. अंगावरच्या दोन-दोन शालींखाली नुसती हाडं हाताला लागली.

रोज डोलीत बसवणारा तो, आणि त्याचं लक्ष मात्र सगळं चाकाकडे! भुजंगाला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"बुवा... कधीपासून?"

बुवा हसले.

"सुतावरून स्वर्ग गाठलास की रे!"

दारात नानांना हुंदका फुटला. "दोन घास खाऊन ताट परत पाठवतात, भुजंगा. डॉक्टरांनी हात टेकले. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला."

भुजंगानं जाऊन नानांचे पाय धरले. नानांनी त्याला उठवलं, पाठीवरून हात फिरवला.

मग एकाएकी तो न्हाणीकडे धावला. तिथला धोंडा उचलून त्यानं डोलीत ठेवला. लगबगीनं दुसरा आणला.

"हे काय चालवलंयस?"

"तूट भरून काढतो, बुवा. तुमच्या पायाशी हे दोन धोंडे असले की गाडी पुन्हा सरळ जाईल. घाटावरची माणसं तुमची वाट बघत असतील. आपल्याला जायचंय..."

"मी नसलो तर तू जाशील?"

"तुमच्याशिवाय? मी कोण त्यांचा?"

बुवा हळूहळू डोलीपाशी गेले, वाकले आणि धोंड्याला हात घातला. धोंडा हलेना. त्यांनी पुन्हा जोर लावला. त्यांना धाप लागली...

भुजंगाला ते बघवेना. त्यानंच तो धोंडा उचलून बाहेर ठेवला.

बुवा दुसऱ्या धोंड्याकडे बघत उभे राहिले.

त्यानं तोही काढला. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही त्याचे हात मोकळे नव्हते.

बुवांनी जमिनीवर पडलेलं सूत गोळा केलं. त्याची माती झटकली आणि ते भुजंगाच्या हातात ठेवलं.

"धर. आता रिकाम्या डोलीवर लाव."