बिनदाराचा भैरोबा

आत येताना चौकटीकडे पाहिलंत? दगडी उंबरा आहे, वर गणेशपट्टी आहे, पण दार नाही. आमच्या कासारटेकच्या भैरोबाला दार नसतं. पाहुणे विचारतात, दार चोरीला गेलं का? तसं नाही. ते देवाच्या गुरवानंच काढलं, असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. तेव्हा या चौकटीला सागवानी दारं होती. नदीपल्याडच्या वस्तीला मात्र ती बंद होती. त्या माणसांनी टेकडीखालूनच हात जोडायचे आणि परत फिरायचं.

एका श्रावणात नदी अशी फुगली, की पल्याडच्या वस्तीला चारी बाजूंनी पाण्यानं घेरलं. नाव पहिल्याच लोंढ्यात गेली होती. माणसं छपरांवर चढून हाका मारत होती. त्यांच्यातच लुमाजी सुताराची लेक राही अडकलेली. ती बाळंतपणाला माहेरी येत होती, वाटेत पूर आला आणि वस्तीतल्या धुरपा सुईणीनं तिला आपल्या घरात घेतलं होतं.

लुमाजी काठावर नुसता येरझारा घालत होता. देवाचा गुरव होता भिवजी. तो त्याला म्हणाला, "पटाशी घेऊन वर चल."

देवळात येऊन भिवजीनं दारावर हात ठेवला. लुमाजी कचरला. "देवाचं दार आहे रे!"

"देव उघड्यावर राहील," भिवजी म्हणाला. "ती माणसं पाण्यात कशी राहतील?"

दोघांनी दारं उतरवली. ती एकमेकांना जखडून, खाली कोरडे भोपळे बांधून तराफा केला. भिवजी कमरेला दोर बांधून पोहत पलीकडे गेला. मग दोर ओढून ओढून तराफ्यावरून माणसं अलीकडे आणली. पहिल्या खेपेला राही आणि धुरपा आल्या. सगळ्यांत शेवटी एका म्हाताऱ्याला घेऊन भिवजी आला. दोघं काठाला लागले आणि दारं हातची सुटून पुरात गेली.

भिजलेल्या माणसांना गावात कुणी घरात घेईना. तेव्हा भिवजीनं सगळ्यांना इथं, या मंडपात आणलं. राहीला कळा लागल्या होत्या, पण ती धुरपाला सोडून बापाच्या घरी जाईना. खांबाआड लुगड्याचा आडोसा केला आणि दिवेलागणीला राही मोकळी झाली. मुलगी झाली. नाळ धुरपानं कापली.

पूर ओसरला तसा गावाचा राग वर आला. पाटलानं भिवजीची पूजा काढून घेतली, नवं सागवान आणवलं आणि लुमाजीला दारं करायला सांगितलं.

लुमाजी म्हणाला, "धुरपाबाईनं माझी लेक सोडवली. तिच्या तोंडावर लावायचं दार माझ्या हातून होणार नाही."

"मग दुसरा सुतार आणीन," पाटील म्हणाला.

आणलाही. दारं तयार झाली, गाडीतून टेकडीवर आली. वर येऊन पाहतात तर उंबऱ्यात राही बसलेली, मांडीवर बाळ, शेजारी धुरपा. मागं पल्याडची सगळी वस्ती आणि तिच्यात मिसळून गावातल्या बायाही.  पाटील पुढं आला. त्यानं विचारलं, "पोरीचं नाव काय ठेवलं?"

"अजून बारसं झालं नाही," राही म्हणाली. "तोवर इथंच बसणार."

काही जण म्हणतात, त्या वेळी देवाचा कौल झाला, उजवीकडचं फूल पडलं. माझे आजोबा म्हणायचे, फूलबिल काही नाही, पाटलाला नातवंड नव्हतं. काही असो, पाटलानं गाडी माघारी वळवली ती थेट लुमाजीच्या दारात. भिवजीला पूजा परत मिळाली. त्या नव्या दारांच्या फळ्या कापून लुमाजीनं पाळणा केला आणि त्यात त्या पोरीचं बारसं इथंच, देवासमोर झालं.

आजही गावात नवा पाळणा कुणी आणत नाही. मूल पाटलाचं असो, गुरवाचं असो की पल्याडचं, तोच पाळणा घरोघर फिरतो. दोर बदलतात, कड्या बदलतात, लाकूड तेच. सध्या तो धुरपाच्या वंशातल्या सखूबाईंकडे आहे. पुलावरून गेलात की डावीकडचं निळं घर. पाहायचा असेल तर जरूर जा, फक्त हलक्या पावलांनी जा. बाळ या वेळेला झोपलेलं असतं.