दक्षिणेची ओढ

त्या प्रदेशातल्या प्रत्येक करकोच्याच्या डोक्यात एक ओढ असे. पानगळ सुरू झाली की ती जागी होई आणि सारा थवा दक्षिणेकडे निघे. श्वासाबद्दल कुणी बोलत नाही, तसं तिच्याबद्दलही कुणी बोलत नसे. ज्याची ओढ विझे, तो दलदलीत एका पायावर जाऊन उभा राही. अशांना ‘उभे’ म्हणत. हिवाळ्यात पाण्याबरोबर तेही गोठत, आणि पुढल्या वर्षीची पिल्लं त्यांना वाळके खुंट समजून त्यांच्याभोवती खेळत.

वनजाची ओढ एका उन्हाळ्यात गेली. कशाने, ते तिलाही सांगता येईना. वादळ झालं नव्हतं, कुणी मेलं नव्हतं. एके सकाळी थव्याची हाक पाण्याच्या तळातून आल्यासारखी ऐकू आली, एवढंच. मग दाणे मातीसारखे लागू लागले. पाण्यात वाकून पाहिलं, तर तिथली वनजा दुसरीकडेच बघत असे.

कुणी म्हणालं, “जरा फिरून ये, बरं वाटेल.” कुणी कडू मुळ्या आणून दिल्या, त्यांनी जिभेला कोरड पडली, बाकी काही नाही. हळूहळू सगळे तिच्याकडे पाठ करून झोपू लागले. तिचा जोडीदार दिगंत तेवढा शेजारी राहिला. वनजा उभ्यांच्या रांगेत जाऊन थांबली, त्या दिवशी तो कमठबाबांना घेऊन आला.

कमठबाबा म्हणजे एक म्हातारं कासव. त्यांच्या पाठीवर काळा दगड असे, लोखंडाचा कण दूरवरून ओढून घेणारा. त्यांनी तो एका फांदीच्या बेचक्यात, वनजाच्या कपाळाच्या डाव्या बाजूशी ठेवला. टेकवला नाही. मग एका खड्याने त्यावर ठोके द्यायला सुरुवात केली. टक, टक, टक. दगड बाहेर होता, पण ठोका आत पडत होता. तिची पापणी आपोआप उडू लागली, कपाळ ठणकलं.

“बाबा, माझ्या आत काय घालताय?” तिने विचारलं.

“काही घालत नाही, पोरी. दार वाजवतोय.”

“आणि आत कुणी नसलंच तर?”

कमठबाबांनी आणखी एक ठोका दिला. “तसंही झालंय. सगळ्यांकडून उत्तर येत नाही. मी रोज येईन, तू रोज थांब. एवढंच आपल्या हातात.”

वीस दिवस काही झालं नाही. थवा निघाला. निघताना म्होरक्या दिगंतला म्हणाला, “तिच्यापायी तूही गोठशील.”

“कदाचित,” दिगंत म्हणाला आणि जागचा हलला नाही.

आभाळ रिकामं झालं. काठाकाठाने बर्फाची साय धरू लागली. शेजारचा एक उभा काल श्वास घेत होता, आज घेत नव्हता. दगड जवळ नसतानाही वनजाला ठोके ऐकू येऊ लागले. एकदा तर तिला वाटलं, आतल्या ओसाड घरात कुणीतरी उठलंय, दारामागे येऊन उभं राहिलंय आणि श्वास रोखून ऐकतंय. तिला त्याची भीती वाटली.

तिसाव्या दिवशी ठोके चालू असताना ती म्हणाली, “पाय गार पडलेत.”

कमठबाबांचा खडा थांबला. “काय म्हणालीस?”

“पाय. फार गार पडलेत, बाबा.”

तो आनंद नव्हता. गारठा हाडांत शिरत होता, मागोमाग भूक आली, आणि गेलेल्या थव्याची आठवण इतकी टोचली, की तिच्या घशातून बारीक आवाज निघाला. दिगंत घाबरला. कमठबाबांनी त्याला नजरेनेच थोपवलं आणि पुन्हा ठोके सुरू केले.

आणखी दहा दिवसांनी दोघांनी पंख पसरले. दलदल सुटली न सुटली, तोच दाट धुक्याने त्यांना वेढलं. ना सूर्य, ना डोंगर, ना खालची जमीन. दिगंत कित्येक दिवस झोपला नव्हता; थकव्याने त्याच्या डोक्यातली ओढही गढूळ झाली होती.

“कुठे जायचं?” त्याने विचारलं.

वनजाची मान डावीकडे वळली, पुढे गेली, परत फिरली, थरथरत राहिली. मग आतून कुणीतरी ओढल्यासारखी तिची चोच एका दिशेला येऊन थांबली. दिगंतने हळूच आपली चोच तिच्या रेषेत आणली.