बंद संगणक आणि त्रेचाळीस सह्या

विषय : बंद पडलेल्या संगणकातून माहिती परत मिळविणेबाबत.
संदर्भ : एका शिष्याची तोंडी तक्रार. तक्रारीवर दिनांक नाही, कारण तक्रारदार दिनांक सांगण्याच्या स्थितीत नव्हता.

उपरोक्त विषयी सविस्तर हकीकत येणेप्रमाणे.

एकदा एका धरणाकाठच्या गावी एक लिपिक राहत होता. वय बेचाळीस, नेमणूक पुनर्वसन कार्यालयात, काम संगणकावर. रविवारी तो एका वृद्ध दुरुस्तीकाराकडे चार गोष्टी शिकायला जाई, म्हणून आपण त्याला शिष्य म्हणू. वृद्ध पूर्वी टंकलेखन यंत्रे दुरुस्त करीत असे. पुढे यंत्रे गेली, टंकलेखक गेले, वृद्ध मात्र राहिला आणि संगणक उघडून बसू लागला. गाव त्याला तात्या म्हणे.

एका सोमवारी शिष्याचा संगणक सुरू होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येत आणि त्यापुढे सर्व शांत. शिष्याने बटण दाबले. पुन्हा दाबले. वायर काढून लावली, उदबत्तीही लावली. मंगळवारपर्यंत त्याने बटण साठ वेळा दाबले असेल. सरकारी नोकरीत चिकाटी हा गुण मानला जातो; तो कशासाठी वापरला, हे सहसा कोणी विचारत नाही.

विषाणू शिरला, एवढे निदान साहेबांनी लांबूनच केले. तो साहेबांच्याच पुतण्याच्या लग्नपत्रिकेबरोबर पेनड्राइव्हमधून आला असावा, असा शिष्याला संशय होता. पण लग्नाला वर्ष होत आले होते, संसार सुखाचा होता, तेव्हा चौकशीचे कारण नव्हते.

"काळजी कसली करता?" साहेब म्हणाले. "गुरुवारी जिल्ह्याचा माणूस येतोय. फॉरमॅट मारील, म्हणजे आतलं सगळं पुसून टाकील, की संगणक सुरू होईल. शुक्रवारच्या तपासणीत रकाना एकच आहे : संगणक सुरू आहे काय? आपण लिहायचं, होय."

"पण साहेब, आतले फोटो?"

"फोटोचा रकाना आहे का?"

तो नव्हता. फोटो मात्र होते. बुडीत गावातल्या तीनशे बारा घरांचे ते फोटो, घरे पाण्याखाली जाण्यापूर्वी काढलेले. मूळ कागद जिल्ह्याला गेले, जिल्ह्यातून विभागाला, आणि विभागातून 'शोध सुरू आहे' या अवस्थेला. तीनशे अकरा जणांना भूखंड मिळून गेले होते. उरल्या होत्या बायजाबाई खंडू शेलार. यादीत त्यांच्या घरापुढे कोणीतरी 'पडीक जागा' लिहून ठेवले होते. शुक्रवारी संध्याकाळी यादी कायमची बंद होणार होती. त्याआधी घराचा फोटो जोडला तर भूखंड, नाहीतर नाही.

बायजाबाई रोज दहा वाजता येऊन बाकावर बसत. मंगळवारी त्या म्हणाल्या, "काय रे बाबा, निघालं का माझं घर?"

"मावशी, संगणक बिघडलाय."

"पाण्यात गेलं तवा काठावर बसून बघत तरी होते. तुझ्या पेटीत गेलं ते कुठनं बघू?"

बुधवारी दुपारी शिष्याने संगणकाची पेटी चादरीत बांधली आणि रिक्षाने तात्यांकडे नेली.

तात्यांनी बटणाला हातच लावला नाही. पेटीचे चार स्क्रू काढले, आतली हार्ड डिस्क सोडवली आणि फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली. मग फळीवरची एक जुनी, कोरी डिस्क तिच्या जागी बसवली, स्क्रू पुन्हा आवळले आणि पेटी शिष्यापुढे सरकवली.

"ने. उद्या त्या माणसाला फॉरमॅट मारू दे."

शिष्य पेटीकडे पाहत राहिला. पेटी आणली तशीच बंद होती. "तात्या, पण दुरुस्त कुठं झाला?"

"दुरुस्त कोणाला करायचाय?"

"म्हणजे? संगणक सुरू नको व्हायला?"

"तो साहेबांना सुरू हवाय. उद्या होईल. तुला काय हवंय?"

"सरकारी डिस्क अशी बाहेर ठेवता येते का पण?"

तात्यांनी कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिले, 'हार्ड डिस्क एक नग मिळाली, काम होताच परत', आणि खाली सही केली. सही पाहून शिष्याला जरा बरे वाटले. समजले काहीच नाही.

तात्यांनी ती डिस्क आपल्या यंत्राला दुसरी डिस्क म्हणून जोडली. सुरू होण्याचे काम त्यांच्या यंत्राने केले. आजारी डिस्कने नुसते पडून राहायचे होते. पडद्यावर 'बुडीत घरे' हा कप्पा उघडला. आत गावातल्या आळ्यांची नावे ओळीने होती आणि प्रत्येक नावाशेजारच्या चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा बाण.

"हे काय, सगळं जागेवर आहे!" शिष्य आनंदाने ओरडला.

"काही नाही इथं," तात्या म्हणाले. "नुसत्या पाट्या आहेत. वजन बघ एकेकीचं. यात फोटो सोड, फोटोची सावलीसुद्धा मावायची नाही."

शिष्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच. त्याने पिशवीतून एक नोंदवही आणि एक पेनड्राइव्ह काढला. "तात्या, मी दर शनिवारी प्रत घेतो. एकही शनिवार चुकलेला नाही. सह्या बघा."

तात्यांनी वही पाहिली. 'प्रत घेतली', सही. 'प्रत घेतली', सही. त्रेचाळीस शनिवार, त्रेचाळीस सह्या, शेवटच्या पानावर साहेबांचा 'तपासले' हा शिक्का. मग त्यांनी पेनड्राइव्ह लावला. त्यावरही आळ्यांची नावे ओळीने होती आणि कोपऱ्यात बाण.

"अक्षर चांगलं आहे तुझं," तात्या म्हणाले.

शिष्याने पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला. "असं कसं? मी बाण दाबला की फोटो उघडायचा ना!"

"दाबला की विषाणू तुला हाताला धरून फोटोपर्यंत नेऊन सोडायचा. तुला वाटायचं, फोटो इथंच आहे. शनिवारी तू पाटी उचलून पेनड्राइव्हवर ठेवायचास आणि सही करायचास."

"मग बायजाबाईंचं घर गेलं?"

तात्यांनी यंत्राला लपलेल्या वस्तू दाखवण्याची आज्ञा दिली. बाणांच्या मागून फिकट रंगाचे कप्पे एकेक करून वर आले. शेलार आळी उघडली. सहाव्या फोटोत कौलारू घर, दारात बायजाबाई, काखेत कोंबडी. कोंबडीने मान वळवल्यामुळे तेवढीच पुसट झाली होती.

शिष्याने नोंदवही मिटली. मग म्हणाला, "तात्या, मी चुकलो कुठं? नियमाप्रमाणे सगळं केलं."

तात्या चष्मा पुसत म्हणाले, "अरे, विषाणूनं फोटो पुसले नव्हते, झाकले होते. पुसणार होता तुमचा उद्याचा माणूस, आणि तोही नियमाप्रमाणे. साहेब पेटी सुरू आहे का ते बघतात. तू प्रत घेतली का ते बघतोस. वहीवर शिक्का मारताना तेच साहेब सही आहे का ते बघतात. आत काय आहे, हे वर्षभरात एकानंही बघितलं नाही. जे उघडून बघितलं नाही, ते आपल्याजवळ आहे असं म्हणू नये. त्या बाईला विचार. तिला पेटी चालू की बंद याच्याशी काय करायचंय? ती रोज येऊन एकच विचारते, घर दिसतं का?"

तीनशे बारा फोटो विषाणू तपासून दुसऱ्या एका स्वच्छ डिस्कवर उतरवले गेले. शिष्याने एकेक उघडून पाहिला. त्याला सबंध संध्याकाळ लागली.

गुरुवारी जिल्ह्याचा माणूस आला, कोरी डिस्क फॉरमॅट करून गेला आणि संगणक सुरू झाला. साहेबांनी 'होय' लिहिले. शिष्याने त्यावर फोटो चढवले आणि शुक्रवारी बायजाबाईंनी पडद्यावरचे घर पाहिले. "कौलं नीट बसवायची राहिली होती बघ," एवढेच म्हणाल्या आणि अंगठा उठवला. फोटो यादीला जोडला गेला. 'पडीक जागा' या शब्दांवर लाल रेघ आली. तात्यांकडून सरकारी डिस्क परत घेऊन शिष्याने त्यांना ती चिठ्ठीही परत दिली.

पुढे शिष्याने जिल्हा कार्यालयास रीतसर अर्ज केला : प्रतींच्या नोंदवहीत 'प्रत उघडून पाहिली काय?' असा एक रकाना वाढवण्याची परवानगी मिळावी. सात महिने उत्तर आले नाही, म्हणून तो स्वतः जिल्ह्याला गेला. तिथल्या लिपिकाने आवक नोंदवही काढून दाखवली. अर्ज मिळाल्याची नोंद होती, क्रमांक होता, सही होती, शिक्का होता. मग त्याने गठ्ठ्यातून अर्जाचा लिफाफा काढला. लिफाफ्याचा डिंक जसाच्या तसा होता.

शिष्य रागावला नाही. गावी परत आला, पट्टी घेतली आणि आपल्या वहीत पेन्सिलीने एक उभी रेघ ओढली. दर शनिवारी तो त्या रेघेपलीकडे खूण करतो. आधी उघडतो, मग करतो.

अर्ज प्रलंबित आहे.