मोठ्या देहाचा श्वास

एकदा एका तालुक्याच्या रुग्णालयात कापडाचे व्यापारी वामनशेठ शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले. नाव वामन, उंचीही बेताचीच. देह मात्र असा, की टेबलावर घेताना सगळ्यांचा घाम निघाला. "आमच्या माणसाला नीट जागं करून द्या, दुसरं काही मागत नाही," असे त्यांच्या पत्नीने वृद्ध भूलतज्ज्ञांना दारातच हात जोडून सांगितले.

या डॉक्टरांच्या हाताखाली एक शिष्या शिकत होती. हुशार होती, आणि हुशार माणसांना असते तशी तिला घाईही होती. तिने शेठजींचे वजन पाहिले आणि त्या हिशेबाने श्वासयंत्र लावायला घेतले. माणूस मोठा, तेव्हा श्वासही मोठा, यात विचार तो काय करायचा? तेवढ्यात गुरूंनी खिशातून शिंप्याची टेप काढली आणि शेठजींना टाचेपासून डोक्यापर्यंत मापले.

"जन्मभर मी कापड मापलं," शेठजी हसून म्हणाले, "आज तुम्ही माझंच माप घेताय."

त्या उंचीवरून गुरूंनी श्वास ठरवला. शिष्येला तो फारच तोकडा वाटला. भूल दिली, नळी घातली, यंत्र सुरू झाले. थोड्याच वेळात पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा घसरू लागला. "सर, श्वास पुरत नाहीये," म्हणत शिष्येने तो वाढवायला हात नेला.

गुरूंनी तिचा हात धरला. टेबलाची डोक्याकडची बाजू उचलली, फुप्फुसे एकवार सावकाश फुलवली आणि श्वास सोडल्यावरही आत थोडा दाब राहील अशी यंत्रात सोय केली. श्वासाचे माप तेवढेच ठेवले. आकडा हळूहळू चढून स्थिरावला.

"अगं, शेठजींचं वजन वाढलं, फुप्फुसं नाही वाढली," गुरू म्हणाले. "ती उंचीच्या मानानंच असतात. आडवं झालं की वरून पोटाचा भार येतो आणि ती मिटतात. मिटू द्यायची नाहीत, एवढंच आपलं काम. वजन बघून हवा कोंबली असतीस, तर फुप्फुसं ताणून जखमी झाली असती. आणि तुला वाटलं असतं, आपण भरभरून दिलं."

शस्त्रक्रिया संपली. शेठजींनी डोळे उघडले, नळी निघाली. शिष्या बाहेर आली आणि शेठजींच्या पत्नीला म्हणाली, "काकू, जागे झालेत ते."

ती माउली डोळे पुसून शिष्येच्या डोक्यावर हात ठेवायला गेली. ती मागे सरली.

"आशीर्वाद सरांना द्या," ती हळूच म्हणाली. "मी शेठजींना श्वास जास्तच देणार होते."