कौलाखालचा खेकडा

"…पण माझं चुकलं कुठे, एवढं तरी सांगा महाराज!"

खाडीकाठच्या मठात अच्युतबुवा काथ्या वळत बसले होते. समोर मांडी घालून बसलेले भालचंद्र तिरोडकर हे त्यांचे जुने शिष्य, मठाचे विश्वस्त आणि गावात कुणाच्याही घरचं भांडण मिटवायला न बोलावता हजर होणारे गृहस्थ.

आज भांडण त्यांच्याच घरचं होतं. मुलगी शाल्मली नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली होती. तिला परत न्यायला सासरची माणसं कालपासून ओटीवर ठाण मांडून बसली होती. तिला पाठवायचं, तर गुरूंचा आशीर्वाद असावा म्हणून तिरोडकर मठात आले होते.

बोलत मात्र होते खेकड्याबद्दल.

"पोर आल्यापासून बोलेना, धड जेवेना. म्हटलं, काहीतरी करू, मन रमेल तिचं. काचेची मोठी पेटी आणली. निम्म्या पेटीत वाळू, निम्म्या पेटीत पाणी. खेकडे खाडीचे, म्हणून पाण्यात मीठ घातलं, तेही मोजून. पाणी खेळतं राहावं म्हणून पंप बसवला. वर चढून पळू नयेत म्हणून जाळीचं झाकण केलं. लपायला कौलाचा तुकडासुद्धा ठेवला. काय कमी केलं मी?"

"काही नाही," बुवा म्हणाले. "मग?"

"तिला आवडली पेटी. तासन्‌तास समोर बसायची. पण दोनातला एक खेकडा कौलाखाली गेला तो बाहेरच येईना. खाणं टाकलं तरी येईना."

"मग तू काय केलंस?"

"काल सकाळी बघतो तर वाळूवर पडलेला. पाय, नांग्या, डोळे, सगळं जागच्या जागी, पण हालचाल नाही. म्हटलं, मेला. उचलून टाकून दिला. आता पेटीत घाण नको, म्हणून ती धुवायला घेतली. कौल उचललं… तर खाली तोच खेकडा! जिवंत!"

बुवांचे हात थांबले.

"मी टाकलं ते त्याचं नुसतं कवच होतं महाराज. जुनं कवच उतरवून हा पठ्ठ्या आत दडून बसलेला. अंग कसं मऊ, लोण्यासारखं! मी तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवला."

"सगळ्यांना?"

"व्याही आले होते ना. विहीणबाई, जावई… सगळ्यांनी बोट लावून पाहिलं."

"आणि मग नवं कवच टणक होईपर्यंत परत कौलाखाली ठेवलास."

"छे! कौल काढूनच टाकलं. ठेवलं असतं तर पुन्हा लपला असता. नाजूक झालेला जीव, डोळ्यांसमोर असलेला बरा. स्वच्छ पाण्यात ठेवला, वर दिवासुद्धा लावला."

"दुसरा खेकडा कुठे होता?"

तिरोडकरांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"पेटीतच," ते म्हणाले. "त्यानंच खाल्ला. संध्याकाळी नुसत्या नांग्या उरल्या होत्या."

बाहेर ओहोटी लागली होती. मठाच्या पायरीशी चिखल उघडा पडत चालला होता.

"शाल्मलीनं पाहिलं?"

"तिनंच आधी पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा तोंड उघडलं तिनं. म्हणाली, 'बाबा, तो मेला नव्हता.' बस्स. एवढंच बोलली आणि आत निघून गेली. एवढं सगळं मी केलं, आणि शेवटी गुन्हेगार कोण, तर मी!"

तिरोडकरांचे डोळे खरोखरच भरून आले. त्यांचा मुलीवर जीव नव्हता असं कुणी म्हणू नये. जीव होता. तो नसता तर पोरीचं एक वेळ बरं झालं असतं, असं मला वाटतं.

"ती आत असते, म्हणजे कुठे?" बुवांनी विचारलं.

"मागच्या खोलीत. आधी कडी लावून बसायची. मग मी कडीच काढून टाकली."

"का?"

"धास्ती वाटते हो महाराज. बंद दारामागं काही बरंवाईट करून घेतलं तर? आता कुणीही येता-जाता डोकावू शकतं. तिची काकू जाते, आत्या जाते. कालपासून विहीणबाईही जाऊन बसतात. समजावतात तिला."

"जावई मारतो का रे तिला?"

"संसारात भांड्याला भांडं लागायचंच. उचलतो म्हणे कधी हात. पण हीसुद्धा बोलायला काही कमी नाही."

"ती बोलत नाही म्हणालास ना आत्ता?"

तिरोडकरांनी उपरणं खांद्यावर सारखं केलं.

"ते राहू द्या महाराज. मी अंगारा न्यायला आलोय. तिच्या कपाळी लावतो. तुमच्या शब्दाबाहेर ती जायची नाही, लहानपणापासून तुमच्या पायांशी वाढलेली पोर आहे. मी तिला तुमचा निरोप सांगतो की दिल्या घरी सुखानं राहा. तेवढा तुमचा होकार हवा."

बुवा त्यांच्याकडे पाहत राहिले. वर्षानुवर्षं हा माणूस समोर बसून प्रवचनं ऐकत होता, मान डोलावत होता, पहिल्या रांगेत बसत होता. आपण त्याला नेमकं काय शिकवलं, याची बुवांना त्या घडीला लाज वाटली. संताप आला तो निराळाच.

ते उठले. अंगाऱ्याच्या वाटीकडं त्यांनी पाहिलंही नाही. आपल्या खोलीच्या दारामागं गेले, आतून लावायचा लाकडी अडसर काढला आणि आणून तिरोडकरांच्या मांडीवर ठेवला.

"हा घेऊन जा."

"हे… काय करू याचं?"

"तिच्या दाराला लाव. आतल्या बाजूनं."

तिरोडकर अडसराकडं बघत राहिले. मग, वयानं माणूस थोडा चळतो हे समजून घेऊन आपण हसतो, तसे हसले. अडसर उचलून त्यांनी हळूच भिंतीला टेकवला.

"आता कशाला महाराज? मंडळी खोळंबलीत. दुपारच्या जेवणानंतर गाडी काढायची ठरलंय. ती जाणारच आहे."

"ती म्हणाली, जाते म्हणून?"

"नाही म्हणालेली नाही."

बुवा खाली बसले. काथ्याचं टोक शोधलं, पण वळायला घेतलं नाही…

"मग पाठवू ना तिला?" तिरोडकरांनी हात जोडले. "तुम्ही फक्त हो म्हणा."

"धाडायचीच असेल तर आजच धाड," बुवा म्हणाले. "कवच टणक झालं की मग जायची नाही ती."